आवाज चाकाचा की गिअरचा? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा सरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय दरवर्षी बदलतो. जून-जुलैमध्ये वायपर आणि ब्रेक यांविषयी विचारणारे वाचक दसरा-दिवाळीच्या सुमारास गाडीतल्या आवाजांविषयी लिहू लागतात, कारण चार महिने खड्डे आणि पाणी सोसलेल्या चाकांची तक्रार साधारण याच दिवसांत कानावर येऊ लागते. या वेळी निवडलेली चारही पत्रे गाडी चालू असताना येणाऱ्या अखंड आवाजाविषयी आहेत. कोणी त्याला ‘घूं घूं’ म्हटले आहे, कोणी ‘कूं’, तर कोणी ‘विमानासारखा आवाज’. पहिल्या पत्राचे उत्तर सविस्तर दिले आहे, कारण त्यातली तपासणीची पद्धत जवळजवळ प्रत्येक गाडीला लागू पडते.

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी, साध्या गिअरची छोटी हॅचबॅक गाडी सात वर्षांची असून ६८ हजार किलोमीटर चालली आहे. मी कराडला शिक्षक आहे आणि आईच्या उपचारांसाठी दर पंधरवड्याला पुण्याला जातो. ऑगस्टमध्ये दोनदा रस्त्यावर साचलेल्या गुडघाभर पाण्यातून गाडी काढावी लागली. सप्टेंबरपासून वेग ताशी चाळीसवर गेला की घूं घूं असा आवाज सुरू होतो, वेगाबरोबर वाढत जातो आणि ऐंशीला शेजारच्या माणसाशी मोठ्याने बोलावे लागते. टायरचा आवाज आहे असे सांगितल्यामुळे पुढचे दोन्ही टायर नवे घातले आणि अलाइनमेंट करून घेतले, पण काडीचाही फरक पडला नाही. त्यानंतर एका वर्कशॉपने गिअरबॉक्स उघडावा लागेल असे सांगून मोठा खर्च कळवला आहे, तर दुसऱ्या मेकॅनिकच्या मते बेअरिंग गेले आहे. पुण्याहून परतताना खंबाटकी घाटात माझ्या लक्षात आले की डावीकडच्या वळणावर आवाज वाढतो आणि उजवीकडच्या वळणावर जवळजवळ बंद होतो. मी कोणाचे ऐकावे, आणि तोपर्यंत गाडी चालवणे सुरक्षित आहे का? (एक वाचक, कराड)

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण गाडीत तुमच्या आई बसणार आहेत. चाकांची बेअरिंगे, म्हणजे चाक ज्यांच्या आधाराने फिरते ती गोळ्यांची कडी, तपासून होईपर्यंत ही गाडी महामार्गावर नेऊ नका. गावात हळू वेगाने गॅरेजपर्यंत नेण्यास हरकत नाही. मात्र घूं घूं आवाजाच्या जागी दगड भरडल्यासारखी घरघर येऊ लागली, स्टिअरिंगला किंवा बसण्याच्या जागेला थरथर जाणवू लागली, किंवा एबीएसचा (जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला, तर गाडी तिथेच उभी करून ती उचलून नेण्याची व्यवस्था करा. बेअरिंग बहुतेक वेळा बरेच आठवडे आवाज करून मगच दगा देते, पण नेमके किती आठवडे हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता मूळ प्रश्न. अशा आवाजाचे निदान करताना ‘आवाज कुठून येतो’ हा प्रश्न मी सर्वांत शेवटी विचारतो. गाडीचा सांगाडा पत्र्याचा असतो, आवाज त्यातून सहज प्रवास करतो, आणि मागच्या डाव्या चाकाचा आवाज पुढे बसलेल्याला पायाखालून आल्यासारखा वाटू शकतो. त्याऐवजी आवाज कशाच्या मागोमाग जातो हे पाहावे. तो चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो का, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढतो का, की ॲक्सिलरेटर दाबण्या-सोडण्याबरोबर बदलतो? या तिन्हींचे उत्तर मिळाले की संशयित भाग दोन-तीनच उरतात आणि ते शोधण्यासाठी एक रुपयाचाही भाग बदलावा लागत नाही.

हे करून पाहणे सोपे आहे. सकाळच्या वेळी, रहदारी नसलेल्या सरळ आणि गुळगुळीत रस्त्यावर, शेजारी ऐकणारा कोणीतरी बसवून, खिडक्या लावून आणि पंखा व रेडिओ बंद करून गाडी चौथ्या गिअरमध्ये ताशी पन्नासवर स्थिर ठेवा आणि आवाजाची पट्टी कानात बसू द्या. मग वेग तोच ठेवून तिसरा गिअर टाका. इंजिनचे फेरे एकदम वाढतील, चाकाचे मात्र तेवढेच राहतील. आवाजाची पट्टी तीच राहिली, तर इंजिन, अल्टरनेटर, फॅन बेल्ट, त्याची आयडलर व टेन्शनर पुली हे सगळे निर्दोष ठरतात आणि दोष चाके, टायर, ॲक्सल किंवा गिअरबॉक्सच्या चाकांकडच्या टोकाला, म्हणजे फायनल ड्राइव्हमध्ये आहे असे समजावे. पट्टी इंजिनबरोबर वर चढली, तर बॉनेट उघडून पाहायचे. त्यानंतर त्याच वेगाला क्षणभर क्लच पूर्ण दाबून गाडी वाहू द्या. आवाज जसाच्या तसा राहिला तर चाके आणि टायर यांवरचा संशय पक्का होतो, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच तो नाहीसा झाला किंवा त्याचा पोत बदलला तर गिअरच्या दातांचा विचार करावा लागतो. हे करताना चावी बंद करू नका, कारण इंजिन थांबल्यावर स्टिअरिंग जड होते आणि दोन-तीनदा दाबल्यानंतर ब्रेकची मदतही संपते. घाटाच्या उतारावर तर ही चाचणी करूच नये. आपल्याकडे डिझेल-पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल टाकण्याची सवय अनेकांना आहे; त्यात इंजिनचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो, म्हणून हा इशारा मुद्दाम दिला आहे.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती मात्र खंबाटकी घाटातली आहे. डावीकडे वळताना गाडीचे वजन उजव्या बाजूच्या चाकांवर कलते. उजव्या बेअरिंगमधल्या गोळ्या फिरण्याच्या वाटेवर खड्डा पडला असेल, तर त्यावरचा भार वाढल्यामुळे ते जास्त घुमते, आणि उजवीकडे वळताना भार हलका झाल्यामुळे शांत होते. गिअरबॉक्सच्या आवाजात वळणामुळे इतका ठळक फरक पडण्याचे कारण नाही. म्हणून माझा पहिला संशय उजव्या बाजूच्या चाकाच्या बेअरिंगवर, आणि साचलेल्या पाण्याची गोष्ट लक्षात घेता पुढच्या चाकावर आहे. हा संशयच आहे, निकाल नाही. आजच्या हबच्या (चाक ज्यावर बसवतात त्या मधल्या भागाच्या) बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा असतात आणि त्यांपैकी कोणती रांग खराब झाली आहे त्यावरून क्वचित उलटी लक्षणेही दिसतात, त्यामुळे केवळ वळणावरून ठरवून बेअरिंग मागवू नये. वळणाची खूण सापडल्यावर चुकीच्या बाजूचे बेअरिंग बदलून आलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

कान थोडा तयार केला तर आवाजाची जातही ओळखता येते, आणि त्यामागे साधे गणित आहे. १४ इंची रिमवरच्या तुमच्यासारख्या गाडीच्या टायरचा घेर सुमारे १.९ मीटर असतो. ताशी साठ किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साडेआठ ते नऊ फेरे घेते. बेअरिंगमध्ये बारा-तेरा गोळ्या असतील आणि बाहेरच्या कड्यावर एक खड्डा पडला असेल, तर प्रत्येक फेऱ्यात पाचेक गोळ्या त्यावरून जातात आणि सेकंदाला चाळीस-पंचेचाळीस ठोके पडतात. हा आवाज खालच्या पट्टीत, डग्ग्यासारखा घुमतो. फायनल ड्राइव्हच्या मोठ्या गिअरला समजा सत्तर दात असतील, तर त्याच वेगाला सेकंदाला सहाशेच्या आसपास दात एकमेकांना भिडतात आणि त्यातून सनईसारखा बारीक, उंच सूर निघतो. तुम्ही ‘घूं घूं’ असे लिहिले आहे, ‘कूं’ असे नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. टायरच्या नक्षीचा आवाजही काही शे ठोक्यांचा असतो, पण तो रस्त्याबरोबर बदलतो. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर, विशेषतः मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर, टायर वेगळाच सूर धरतो. बेअरिंगला रस्ता कोणता याने फारसा फरक पडत नाही.

टायरचा विषय मी अजून सोडलेला नाही, कारण पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली आहे. पुढचे टायर नवे घातल्यावर काढलेले जुने टायर मागे बसवले का? तसे असेल, तर जुन्या टायरचा आवाज फक्त पुढून मागे गेला असेल. मागच्या टायरच्या नक्षीवरून तळहात आधी पुढच्या दिशेने आणि मग मागच्या दिशेने फिरवा. एका दिशेने हात गुळगुळीत जात असेल आणि उलट दिशेने नक्षीच्या कडा करवतीच्या दातांसारख्या टोचत असतील, तर टायर वाकडा खाल्ला गेला आहे आणि तोही वेगाबरोबर घुमतो. अलाइनमेंट सुधारल्याने यापुढची झीज थांबते. एकदा खाल्लेला टायर त्याने गप्प होत नाही. मात्र वळणावर जवळजवळ बंद होणारा आवाज टायरचा असणे मला अवघड वाटते.

आता प्रत्यक्ष तपासणीविषयी. सपाट जमिनीवर हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा ठोकळे लावून, पुढची उजवी बाजू जॅकने उचला आणि गाडी ठोकळ्यावर किंवा स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात किंवा डोके घालू नका. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवून पाहा. तिथे खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट सैल आहे. तीन आणि नऊच्या जागी धरल्यावरच हालचाल जाणवत असेल, तर स्टिअरिंगच्या टाय रॉडकडे पाहावे. पण चाक अजिबात हलले नाही म्हणून बेअरिंग चांगले आहे असे मुळीच समजू नका. आवाज करणारी बहुतेक बेअरिंगे या टप्प्यावर घट्टच असतात.

खरी परीक्षा पुढची आहे. एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटे सस्पेन्शनच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यावर हलकेच टेकवून ठेवा. चांगल्या बेअरिंगचे चाक फिरताना स्प्रिंग निश्चल असते. खराब बेअरिंग असेल तर जात्यात बारीक खडा आल्यासारखी खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते, आणि तीही कानाला काही ऐकू येत नसताना. आयटीआयमध्ये शिकवत असताना मी मुलांना आधी चांगल्या चाकावर बोटे ठेवायला लावत असे आणि मग खराब चाकावर. एकदा हा फरक बोटांना कळला की ते तो विसरत नसत. तुम्हीही चारही चाकांवर हे करून पाहा, म्हणजे तुलना करता येईल. पुढच्या चाकावर ब्रेकच्या पॅडची एकसारखी हलकी घासणी ऐकू येईल, ती वेगळी. मागच्या चाकांसाठी हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून त्या वेळी पुढच्या चाकांना ठोकळे लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा.

बेअरिंग खराब निघाले तर ते कसे बदलले जाते हे आवाजाइतकेच महत्त्वाचे आहे. माझ्याकडे एकदा एक गाडी आली होती, जिच्या एकाच चाकाचे वर्षभरात तिसरे बेअरिंग गेले होते आणि मालकाला प्रत्येक वेळी भागच निकृष्ट असल्याचे सांगितले गेले होते. मी ते बेअरिंग कापून उघडले. आतल्या वाटेवर माळेतल्या मण्यांसारखे, एकमेकांपासून सारख्याच अंतरावर बारीक खळगे होते. गोळ्यांमधले अंतर होते तेवढेच. खड्ड्यातून किंवा पाण्यातून गेल्याने सहसा असे होत नाही. बेअरिंग बसवताना हातोड्याने आतल्या कड्यावर ठोकले गेले होते, तो सगळा मार गोळ्यांमधून बाहेरच्या कड्यावर गेला होता, आणि नवे कोरे बेअरिंग रस्त्यावर येण्यापूर्वीच जखमी झाले होते. माणसाने तीनदा पैसे भरले आणि दोष एकदाही भागात नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून गाडी देण्यापूर्वी गॅरेजमध्ये हायड्रॉलिक प्रेस आहे का हे विचारा. स्टिअरिंग नकलमध्ये, म्हणजे पुढचे चाक ज्यावर वळते त्या धातूच्या भागात, बेअरिंग दाबताना जोर बाहेरच्या कड्यावर, आणि बेअरिंगमध्ये हब दाबताना टेकू आतल्या कड्याला, हा नियम पाळणारा मेकॅनिक नाव सांगण्याची गरज न पडताही ओळखू येतो, कारण त्याच्याकडे त्या मापाची कडी असतात. एबीएस असलेल्या अनेक गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. उलट बसली तर डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा पेटून राहतो आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. ॲक्सलची नट नवी वापरावी, ती कंपनीने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळावी, आणि ती नीट आवळून होईपर्यंत गाडीचे वजन त्या चाकावर टेकवू नये. हवेच्या बंदुकीने अंदाजाने आवळलेली नट हे नवे बेअरिंग लवकर जाण्याचे आणखी एक कारण आहे.

काढलेले बेअरिंग मागून घ्या आणि हातात धरून फिरवा. ग्रीस दुधाळ किंवा गंजाच्या रंगाचे झाले असेल, तर पाणी आत शिरल्याची ती खूण आहे, आणि मग डाव्या चाकावरही पुढचे काही महिने लक्ष ठेवा. दोन्ही बाजूंची बेअरिंगे जोडीनेच बदलली पाहिजेत असा आग्रह काहीजण धरतात. तो मला मान्य नाही. ज्या बाजूचे बेअरिंग बोटांना स्वच्छ लागते ते काढू नये, कारण हबमधून उपसताना ते बहुतेक वेळा खराबच होते.

गिअरबॉक्स उघडण्याचा सल्ला सध्या बाजूला ठेवा. बेअरिंगे आणि टायर निर्दोष निघाले, तरच त्याकडे वळा, आणि तेव्हाही आधी त्यातले ऑइल काढून पाहा. पातळी कमी आहे का, ऑइलला पाण्याचा दुधाळपणा आला आहे का, आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक पिठासारखा चुरा आहे की नखात धरता येतील असे तुकडे आहेत, हे पाहावे. तुम्ही पाण्यातून गाडी काढली आहे, त्यामुळे ही तपासणी तशीही करून घ्यायला हवी. पीठ नेहमीचे असते. तुकडे निघाले तर मात्र उघडण्याला पर्याय नाही.

प्रश्न : आमच्याकडे मागच्या चाकांवर चालणारी डिझेल जीप आहे आणि हंगामात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट नेण्यासाठी ती रोज चालते. दोन महिन्यांपूर्वी मागच्या डिफरन्शियलचे (मागच्या दोन चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचे) पुढचे ऑइल सील गळत होते म्हणून ते बदलून घेतले. तेव्हापासून साठच्या पुढे ॲक्सिलरेटर दाबला की मागून ‘कूं’ असा बारीक आवाज येतो आणि पाय उचलला की तो जातो. सील बदलल्याने असा आवाज येऊ शकतो का? (एक वाचक, जुन्नर तालुका)

उत्तर : येऊ शकतो, आणि तुम्ही ही दोन्ही गोष्टींची सांगड स्वतःच घातली हे फार चांगले केले. आवाज पायाबरोबर येतो-जातो, म्हणजे तो भार सोसणाऱ्या दातांचा आहे. इथे डिफरन्शियलमधल्या क्राउन (मोठा गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) या जोडीचा. ते सील बदलताना पिनियनची नट काढावी लागते. त्या नटीच्या घट्टपणावर पिनियनच्या दोन बेअरिंगांवरचा मुळातला दाब ठरलेला असतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो राखण्यासाठी आत एक चेपली जाणारी नळी बसवलेली असते. काम करणाऱ्याने नटीची जुनी जागा खुणेने नोंदवली नसेल आणि ती कमी किंवा जास्त आवळली गेली असेल, तर पिनियन सैल राहते किंवा बेअरिंगे चेपली जातात, दात ठरलेल्या जागी भिडत नाहीत आणि गाऊ लागतात.

आधी दोन गोष्टी पाहा. ऑइलची पातळी भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत आहे का, कारण सील गळत असताना बरेच ऑइल गेलेले असते आणि ते पुन्हा भरले गेले की नाही याची खात्री अनेकदा कोणीच करत नाही. दुसरे, भरलेले ऑइल जीएल-५ या गिअर ऑइलच्या दर्जाचे आहे का. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, जोराने घासत सरकतात, आणि तो दाब सोसण्यासाठी त्यात गंधक आणि फॉस्फरसची भर असलेले ऑइल लागते; मागच्या डिफरन्शियलसाठी ८०डब्ल्यू-९० हा प्रकार सर्रास वापरला जातो, तरी तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलाच वापरावा. हेच ऑइल गिअरबॉक्समध्ये मात्र विचारल्याशिवाय ओतू नये. अनेक साध्या गिअरबॉक्सना जीएल-४ सांगितलेले असते, कारण त्यातल्या पितळी सिंक्रोनायझर कड्यांना (गिअर टाकताना फेऱ्यांचा मेळ घालणाऱ्या कड्यांना) जीएल-५ मधली भर बाधू शकते.

ऑइल बरोबर असूनही आवाज राहिला, तर गाडी तशीच भार वाहत ठेवू नका. प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशी पिनियन धरून वर-खाली हलते का हे पाहायला सांगा. हलत असेल तर नळी आणि नट नवी घालून दाब पुन्हा बसवावा लागेल, आणि ते वेळेत केले तर दात वाचतात. दातांवर झीज उमटली असेल, तर क्राउन आणि पिनियन एकत्रच बदलावे लागतात, कारण कारखान्यात ते जोडीनेच एकमेकांवर घासून तयार केलेले असतात; एका जोडीचा क्राउन दुसऱ्या जोडीच्या पिनियनशी कधीच जुळत नाही. नवी जोडी बसवताना दातांना प्रशियन ब्लू हा निळा रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहिले पाहिजे. दातांमधली मोकळीक पाव मिलिमीटरहूनही कमी असते, तिथे हाताचा अंदाज चालत नाही. डायल गेज (अशी बारीक मोकळीक मोजण्याचे काट्याचे उपकरण) नसलेल्या ठिकाणी हे काम देऊ नका, मग मजुरी कितीही कमी असो.

प्रश्न : आमची गाडी कंपनीतूनच सीएनजी बसवून आली आहे. पेट्रोल महाग म्हणून टाकीत जेमतेम दोन-तीन लिटर ठेवतो. काही आठवड्यांपासून मागच्या सीटखालून बारीक कूं असा आवाज येतो, गाडी उभी असतानाही. सीएनजीवर चालत असताना पेट्रोलचा पंप आवाज का करील, असे मेकॅनिक म्हणतात. (एक वाचक, वसई)

उत्तर : बऱ्याच गाड्यांत सीएनजीवर गेल्यानंतरही टाकीतला पेट्रोल पंप फिरत राहतो. तो पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, आणि भोवतालचे व आतून जाणारे पेट्रोलच त्याला थंड ठेवते आणि वंगणाचे काम करते. दोन-तीन लिटरमध्ये, त्यातही पुलाच्या चढावर, तो बराच काळ उघडा पडतो, तापतो आणि ओरडू लागतो. टाकी निम्मी भरा आणि दोन दिवस ऐका. आवाज उतरला तर पंपाचे नुकसान अजून थोडे आहे. यापुढे टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका आणि गाडी अधूनमधून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा. आवाज तसाच राहिला, तर पेट्रोलवर असताना रेलमधला (इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब गेजने मोजायला सांगा आणि दाब कमी भरला तर पंप व त्याची जाळी बदला. पेट्रोलवर चढ चढताना गाडी अडखळत असेल, तर मोजणी लांबणीवर टाकू नका.

प्रश्न : मी नुकतीच गाडी शिकले आणि नवी गाडी घेतली. रिव्हर्स घेताना मोठा कूं आवाज येतो, पुढे जाताना मुळीच येत नाही. गाडी बदलून मागावी का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मागू नका, गाडी ठीक आहे. पुढच्या गिअरचे दात तिरके कापलेले असतात. एक दात सुटण्यापूर्वीच दुसरा हळूच भिडतो, म्हणून ते शांत चालतात. रिव्हर्सचा मधला गिअर सरकवून गुंतवायचा असल्यामुळे बहुतेक साध्या गिअरबॉक्समध्ये त्याचे दात सरळ कापलेले असतात आणि प्रत्येक दात सबंध रुंदीने एकदम आपटतो, त्याचा तो आवाज. रिव्हर्समध्ये वेग वाढवला की तो चढतो, म्हणून सोसायटीच्या आवारात अर्ध्या क्लचवर हळू या. पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी पुढच्या गिअरमध्येही असा सूर ऐकू येऊ लागला असेल, तर तिथल्या माणसाला शेजारी बसवून एक फेरी मारा आणि त्याने ऐकलेले जॉब कार्डवर लिहून घ्या.